अर्ध्या तिळाची गोष्ट

(ठाण्यात नौपाड्यातील एका सभागृहात जानेवारीत झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

अध्यक्ष महाशय आणि मंडळी, मघाशी ओळख करून देताना माझा उल्लेख ‘धूलिकणतज्ज्ञ’ असा झाला. हे घरी कळलं तर पंचाईत आहे. माझ्या पुस्तकांच्या कपाटावरची धूळ दर दिवाळीला बायको पुसते, आणि तज्ज्ञ तेव्हा गॅलरीत पेपर वाचत बसलेले असतात. मी नोकरीभर हवेतली धूळ अडवणारे फिल्टर तोलले, एवढंच. चिमट्याने उचलायचा, काट्यावर ठेवायचा, आकडा लिहायचा. काम सोनाराचं, फक्त जितकं वजन जास्त भरेल तितका माल वाईट.

ही एक प्लॅस्टिकची बशी पहिल्या रांगेपासून फिरवतो. झाकण उघडू नका आणि कृपा करून त्यावर शिंकू नका. आत ४७ मिलिमीटर व्यासाचा टेफ्लॉनचा फिल्टर आहे. तो मुळात दुधासारखा पांढरा होता. तीन हात नाक्याजवळच्या एका गच्चीवर डिसेंबरातले चोवीस तास काढल्यावर त्याचा रंग असा झाला. कडेची गोल किनार अजून पांढरी आहे बघा, तिथे हवा जात नाही. एखाद्याच्या मनगटावरचं घड्याळ काढल्यावर गोरा पट्टा दिसतो ना, तसं.

आता या फिल्टरवर जमतं किती? यंत्र मिनिटाला १६.६७ लिटर हवा ओढतं. तासाला एक घनमीटर, दिवसाला २४. पीएम २.५ म्हणजे अडीच मायक्रॉनपर्यंतचे बारीक कण. त्यांच्यासाठी आपलं चोवीस तासांचं मानक घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम, हे २००९ सालचं. हवा बरोबर मर्यादेवर असेल तर दिवसभरात फिल्टरवर १,४४० मायक्रोग्रॅम बसतात, म्हणजे दीड मिलिग्रॅमला जरा कमी. एक तीळ साधारण तीन मिलिग्रॅमचा. म्हणजे आपली कायदेशीर मर्यादा अर्धा तीळ! परवाच संक्रांत झाली. सात जणांनी एक तीळ वाटून खाल्ला असं आपण कौतुकाने सांगतो. आम्हाला अर्धाच तीळ मिळतो आणि तोही मायक्रोग्रॅमपर्यंत तोलायचा असतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली सांगितलेली पातळी १५ आहे, म्हणजे तिळाचा आठवा भाग. त्यावर मी काही बोलत नाही, सणाचे दिवस आहेत.

आणि १६.६७च का, असं समोरचे काका विचारतायत. मोठी धूळ गाळायला आत एक वळण असतं. गायमुखच्या घाटात वेगाने आलेला लोडेड ट्रक वळणावर बाहेर जातो, स्कूटर मात्र वळते. तसंच. जड कण भिंतीवर आपटून चिकटतात, बारीक कण हवेबरोबर वळून फिल्टरपर्यंत पोचतात. पंप दमला, हवेचा वेग उतरला, की ट्रकही वळायला लागतात आणि वजन फुगतं. त्यामुळे काटा कितीही सोन्याचा असला तरी पंप मातीचा असून चालत नाही.

एक किस्सा सांगतो. आयोजकांना माहीत आहे की तो लांबतो. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका प्रयोगशाळेत मी होतो, नाव सांगत नाही. जुलै महिना. धुवाधार पाऊस. एके दिवशी आमच्याकडचा एक मुलगा पांढराफटक चेहरा करून आला. म्हणाला, “सर, फिल्टर हलका झालाय.” म्हणजे कोरा होता तेव्हाचं वजन जास्त आणि चोवीस तास रस्त्यावरची हवा पिऊन आल्यावरचं कमी. हिशेबाने त्या दिवशी हवेने आमच्या फिल्टरवरूनच धूळ पळवली होती! साहेबांनी बघितलं आणि म्हणाले, “शून्य लिहा.” मी म्हटलं, शून्यही खोटं आणि वजाही खोटं, आधी काय झालंय ते बघू. चिमट्याने कड फाटली का, बघितलं. नाही. फिल्टरांची अदलाबदल? नाही. काटा? प्रमाणित वजन ठेवलं, बरोबर.

दोन दिवस शोधत होतो. शेवटी सफाईला येणाऱ्या मावशींनी उलगडा केला. सहज म्हणाल्या, “शनिवारी खोलीत काय उकडत होतं, तुमचा एसी बंद होता.” विजेचं बिल वाचवायला वरून कुणीतरी वजनाच्या खोलीचा एसी बंद करायला सांगितलं होतं. कोरा फिल्टर आम्ही तोलला तो त्या दमट खोलीत. तो काचतंतूचा होता, पाणी धरून बसला. नंतर एसी सुरू झाला, खोली कोरडी झाली, आणि फिल्टरने पाणी सोडलं. पावसाने धुतलेल्या हवेतली धूळ एवढीशी, गेलेलं पाणी तिच्याहून जास्त. अमेरिकेच्या पद्धतीत म्हणूनच लिहून ठेवलंय की तोलण्याआधी फिल्टर चोवीस तास ठरावीक थंडाव्यात आणि ३० ते ४० टक्के आर्द्रतेत मुरू द्यायचा. लोणच्यासारखा. आणि टेफ्लॉन पाणी फारसं धरत नाही म्हणून खूश होऊ नका. कोरड्या हवेत त्याच्यावर स्थिर वीज चढते आणि काट्यावरचा आकडा शेअर बाजारासारखा हलत राहतो.

त्या मावशींना मी त्या दिवशी चहा आणि मिसळ दिली. साहेबांना अहवाल दिला. एसी पुन्हा चालू झाला, पण माझी पगारवाढ काही त्या वर्षी झाली नाही. असो.

आता आमच्या सोसायटीचं. आमच्या सेक्रेटरींनी हवा मोजायची एक छोटी डबी मागवली आणि स्वतःच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत टांगली. दुसऱ्या दिवशी सकाळी आठला ग्रुपवर लाल आकडा, ४१२! लोक घाबरले, कुणी मुलांना शाळेत पाठवेना. मी वर गेलो. वहिनी मिरचीची फोडणी देत होत्या. त्या डबीत तोलायला काही नसतं. एक लेझर किरण असतो, कणांवरून प्रकाश किती विखुरला त्यावरून ती वजनाचा अंदाज बांधते. कण ओला होऊन फुगला की तिला तो जाड दिसतो. आपल्या स्वयंपाकघरात पावसाळ्यात मिठाच्या बरणीला पाणी सुटतं की नाही? मीठ साधारण ७५ टक्के आर्द्रतेला विरघळायला लागतं. हवेतल्या खारट कणांचंही तेच. ठाण्यात खाडीकाठी जुलैमध्ये सकाळी आर्द्रता किती असते ते तुमच्या न वाळलेल्या कपड्यांना विचारा. बरं, ४१२ हा हवेच्या गुणवत्तेचा निर्देशांक होता की मायक्रोग्रॅम, हे कुणी विचारलंच नाही. आपल्या निर्देशांकात १०० म्हणजे पीएम २.५ चे ६० मायक्रोग्रॅम. रुपये आणि पैसे एकाच वहीत एकाच रकान्यात लिहिल्यासारखं.

... चिठ्ठी आली. ‘दहा मिनिटे’. आणि विषय होता ‘सततचं मापन आणि फिल्टरचं मापन: तुलना’. बरं, पळतो.

सरकारी केंद्रावर असतं ते मोठं यंत्र या डबीसारखं नव्हे. बहुतेक ठिकाणी बीटा किरणांचं. आत काचतंतूची फीत, जुन्या टेपसारखी पुढे सरकणारी. एका बाजूला बीटा कण सोडणाऱ्या कार्बन-१४ चा बारीकसा तुकडा. त्याचं अर्धायुष्य, म्हणजे जोर निम्मा व्हायला लागणारा काळ, ५,७३० वर्षं, म्हणजे तो आपल्याआधी थकत नाही. कोऱ्या फितीतून किती बीटा कण पार होतात ते मोजायचं, त्याच जागेवर तासभर हवा ओढायची, पुन्हा मोजायचं. जितके कमी पार, तितकी धूळ जास्त. हवा आत येताना जरा तापवतात, म्हणजे पाणी उडतं. दर तासाला आकडा.

याची खरी ताकद घड्याळात आहे. लक्ष्मीपूजनाच्या रात्री आठ ते बारा काय झालं, ते फिल्टर कधीच सांगणार नाही. तो फटाक्यांचे चार तास उरलेल्या वीस तासांत कालवून टाकतो. थंडीत सकाळी हवा खाली दबून बसते, दुपारी खाडीकडून वारा सुटला की आकडा उतरतो, हेही यंत्रच दाखवतं. पण तासाभरात फितीवर बसते एक घनमीटर हवेतली धूळ, तिळाचा पन्नासावा भाग. त्यामुळे पावसाळ्यात स्वच्छ तासांना वजा तीन, वजा दोन असेही आकडे येतात. लोक हसतात, आणि कुणी शहाणा ते पुसून टाकतो. पुसू नका! वरच्या चुका ठेवून फक्त खालच्या पुसल्या की सरासरी आपोआप वर जाते. आमच्या साहेबांचं ‘शून्य लिहा’ हेच.

मग फिल्टर म्हणजे देव का? तोही नाही. अमोनियम नायट्रेटसारखे पदार्थ फिल्टरवर बसल्यावर दुपारच्या उन्हात उडून जातात. ते आपण नाकाने घेतले, पण वजनात आले नाहीत. तरीही तुलनेत फिल्टर हाच पंच, कारण पीएम २.५ ची व्याख्याच त्या पद्धतीवर उभी आहे: अमुक प्रवाह, अमुक वळण, चोवीस तास, अमुक कोरडेपणा, आणि मग काट्यावर जे उरलं ते. पण आपल्याकडे हाताने चालवायच्या फिल्टर केंद्रांचा नेम आठवड्यातून दोन दिवस, वर्षाला १०४. आमच्याकडे ते दोन दिवस कायम सोमवार आणि गुरुवार, कारण गाडीचा ड्रायव्हर तेव्हा मोकळा. कित्येक वर्षं आमच्या वहीत रविवार नावाचा वारच नव्हता. अमेरिकेत बऱ्याच केंद्रांवर दर सहाव्या दिवशी फिल्टर लावतात. सहाच्या पाढ्यात फिरता फिरता सगळे वार येतात. इतकी साधी युक्ती.

तुलना करायची तर दोन्ही एकाच गच्चीवर, एकाच उंचीवर, आणि तेच चोवीस तास. फिल्टर सकाळी दहा ते दहा आणि यंत्राची सरासरी मध्यरात्र ते मध्यरात्र, असली तुलना मी अहवालांत पाहिली आहे. मग आलेखावर बिंदू मांडा, आडवा आकडा फिल्टरचा, उभा यंत्राचा, आणि त्यांतून रेषा काढा. अमेरिकेत अशा यंत्राला मान्यता देताना त्या रेषेचा उतार ०.९ ते १.१ मध्ये असावा लागतो. आणि हे हिवाळ्यात वेगळं, पावसाळ्यात वेगळं करा. यंत्राचा आकडा फिल्टरशी जुळवायला दिल्लीच्या डिसेंबरात काढलेला गुणक कळव्याच्या जुलैला लावू नका. माझं मागणं एवढंच, की चकचकीत यंत्र आलं म्हणून शेजारचा फिल्टर काढू नका.

दोन मिनिटं राहिली, आणि ज्यासाठी आलो ते बोललोच नाही. फिल्टर जपून ठेवता येतो. टेफ्लॉनवरची धूळ क्ष-किरणांनी तपासली तर शिसं, जस्त, लोखंड कळतं आणि फिल्टर जसाच्या तसा राहतो. आपल्या देशात पेट्रोलमधलं शिसं २००० साली गेलं. त्याआधीचे ठाण्याचे फिल्टर कुणी ठेवले असते तर आज कागदावर नव्हे, हातात घेऊन बघता आलं असतं. आमची प्रयोगशाळा जागा बदलत होती तेव्हा नऊ वर्षांचे फिल्टर लोखंडी कपाटात होते, प्रत्येक बशीवर तारीख माझ्या अक्षरात. मी दोन दिवस रजेवर होतो. परत आलो तर कपाट रिकामं. भंगारवाल्याने प्लॅस्टिकच्या बश्या किलोवर घेतल्या आणि आतले फिल्टर जिन्याखाली झटकून टाकले. त्यातले बरेचसे झाडूबरोबर गेले होते, हाती चार लागले. ठाण्यात १८९३ पासून मराठी ग्रंथसंग्रहालय पुस्तकं सांभाळतंय. त्याच गावात हवेच्या दप्तराला एक कपाट मिळू नये, हे मला अजून पचलेलं नाही. एसीची थंड खोली लागते, बस. बिल मी भरतो म्हटलं तरी...

हो, हो, उठतो. प्रश्न चहाच्या वेळी विचारा. ती बशी कुठवर पोचली? मागच्या रांगेतल्या ताई, झाकण उघडलंत ना? काही हरकत नाही, फक्त आता तशीच आडवी धरा आणि माझ्याकडे द्या. त्या चार फिल्टरांतला एक तिच्यात आहे.