चेहरा कुणाला मिळतो

(विद्यार्थ्यांच्या एका चित्रपट मंडळात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. 'संघर्षाचे अभिजात चित्रपट' असा भारदस्त विषय मला दिला आहे. मी इतिहासाच्या दुसऱ्या वर्षाला आहे, त्यामुळे या विषयावर अधिकारवाणीनं बोलणं मला शोभणार नाही. तीन चित्रपट बघताना माझं काय झालं, एवढंच सांगते. त्यात मी चांगलीच तोंडघशीही पडले आहे.

पहिली ठेच लागली ती एका चष्म्याची. सोव्हिएत दिग्दर्शक आयझेनस्टाइनचा 'बॅटलशिप पोटेमकिन', १९२५ सालचा मूकपट. गोष्ट १९०५ ची. रशियन युद्धनौकेवर खलाशांसाठी आणलेल्या मांसात किडे पडलेत. जहाजावरचा डॉक्टर आपला बिनकाड्यांचा, नाकाला चिमटून बसणारा चष्मा काढतो, दुमडतो आणि भिंगासारखा धरून मांस तपासतो. वळवळणारे किडे आपल्याला स्वच्छ दिसतात. डॉक्टरचं मत मात्र असं, की मिठाच्या पाण्यानं धुतलं की झालं. पुढे बंड होतं, डॉक्टरला समुद्रात फेकतात आणि तो चष्मा तेवढा दोराला लटकत राहतो. मी हसले. माझ्याबरोबर बघणारे सगळेच हसले.

मग येतात ओडेसा या बंदराच्या शहरातल्या पायऱ्या. झारचे सैनिक गोळ्या झाडत रांगेनं उतरताहेत, खलाशांना पाठिंबा द्यायला जमलेले लोक सैरावैरा पळताहेत. त्यात एक वयस्क बाई आहे. तिच्या नाकावर तसाच बिनकाड्यांचा चष्मा, त्याची काच फुटलेली आणि डोळ्यातून रक्त. इथं मी डोळे मिटून घेतले. परत जाताना मनात आलं: वस्तू एकच होती. एका माणसाला बुडवल्यावर ती बघून मला हसू आलं, आणि हे मी ठरवलेलंच नव्हतं. माझ्या वतीनं ते आधीच कुणीतरी ठरवून ठेवलं होतं.

दुसऱ्यांदा पाहताना मी फक्त चेहरे बघितले. पायऱ्यांवर मरणाऱ्यांना चेहरा आहे. आईला आहे, बाबागाडीतल्या बाळाला आहे. मारणाऱ्यांचे बूट आहेत, पाठी आहेत, बंदुका आणि लांबच लांब सावल्या आहेत. एका कोसॅकचा, म्हणजे झारच्या घोडेस्वाराचा, चेहरा जवळून दिसतो, पण तोही तलवार चालवताना. ओडेसात त्या दिवसांत माणसं मारली गेली हे खरं. पण पायऱ्यांवर पडद्यावर दिसते तशी कत्तल झाली नव्हती. आज मात्र १९०५ म्हटलं की अनेकांना त्या पायऱ्याच आठवतात, मलासुद्धा. ब्रिटनमध्ये या चित्रपटावर १९५४ पर्यंत बंदी होती. आम्ही परीक्षेत सनावळ्या लिहितो त्याला एवढं कुणी घाबरत नाही!

त्यानंतर इटालियन दिग्दर्शक पोंतेकोर्वोचा 'द बॅटल ऑफ अल्जिअर्स' पाहिला, १९६६ चा. अल्जेरियाला फ्रान्सपासून स्वातंत्र्य मिळून तेव्हा चारच वर्षं झाली होती. लढ्यातला एक प्रत्यक्ष नेता, यासेफ सादी, या चित्रपटाचा एक निर्माता आहे आणि पडद्यावर जवळजवळ स्वतःचीच भूमिका करतो. मी मनातल्या मनात बाजू निवडून बसले होते. वसाहतवाद म्हटल्यावर निवडायचं काय त्यात?

तीन अल्जेरियन स्त्रिया आरशासमोर केस आणि कपडे बदलून युरोपीय दिसू लागतात आणि बॉम्ब घेऊन चौक्या ओलांडतात. एका चौकीवर सैनिक एकीशी लाडीगोडी लावतो, तेव्हा मी खूश झाले होते. 'फसला!' असं बहुतेक मोठ्यानं म्हणालेही. मग त्यांच्यातली एक कॅफेत बसते आणि सावकाश आजूबाजूला बघते. कॅमेराही तिच्यासारखाच बघतो. गप्पा मारणारी माणसं, तरुण पोरं, आइस्क्रीम खाणारं एक लहान मूल. आइझेनस्टाइननं जे सैनिकांना दिलं नव्हतं, ते पोंतेकोर्वो इथं ज्यांच्या विरुद्ध मी बसले होते त्यांना देतो, आणि तेही बॉम्ब फुटायच्या अगदी आधी. त्याआधी आपण रात्री अल्जेरियन वस्तीत झालेला स्फोट पाहिलेला असतो, ढिगाऱ्यातून काढलेली मुलं पाहिलेली असतात. मी बाजू बदलली नाही. पण 'फसला!' हे मला परत घेता येईना.

आणि फ्रेंच सैन्याचा तो कर्नल मात्यू! प्रमुख भूमिकांत तेवढा एकच व्यावसायिक नट. हुशार, सभ्य, मुद्देसूद. कैद्यांच्या छळाबद्दल पत्रकार विचारतात तेव्हा तो उलट विचारतो: फ्रान्सनं अल्जेरियात राहायला हवं का? हवं असेल, तर त्याचे परिणामही स्वीकारा. मला तो माणूस आवडला, याची मला भीती वाटली. २००३ मध्ये इराक युद्धाच्या काळात हा चित्रपट पेंटागॉनमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या मुख्यालयात, दाखवला गेला. तिथल्यांना त्यात कुणाचा चेहरा दिसला असेल, कोण जाणे.

तिसरा कमी पाहिला जातो: 'सॉल्ट ऑफ द अर्थ', १९५४. कम्युनिस्ट असल्याच्या संशयावरून हॉलिवुडनं काळ्या यादीत टाकलेल्या, म्हणजे काम नाकारलेल्या, लोकांनी न्यू मेक्सिकोतल्या जस्त खाणीच्या खऱ्या संपावर काढलेला. नायिकेचं काम करणाऱ्या रोसाउरा रेवुएल्तास यांना चित्रीकरण चालू असतानाच अमेरिकेतून मेक्सिकोला परत पाठवलं गेलं. गंमत अशी, की न्यायालय खाण कामगारांना निदर्शनं करायला बंदी करतं, पण त्यांच्या बायका काही खाण कामगार नाहीत. मग त्या उभ्या राहतात आणि पुरुषांवर घर येतं. नायिकेचा नवरा, खाण कामगार रामोन, कपडे वाळत घालताना कुरकुरतो. घरात गरम पाणी हवं ही बायकांची मागणी पुरुषांनी मागे ढकलली होती. ती का होती हे त्याला आता कळतं. मी पुन्हा हसले. पण नंतर तो बायकोवर, एस्पेरान्सावर, हात उगारतो, आणि ती सांगते की पुन्हा हे करायचं नाही. मघाशी मालकापुढे उभा असलेला तोच चेहरा. शोषित कोण, हे मी तोपर्यंत कागदावर एकाच रकान्यात लिहीत होते.

या सगळ्यावरून मी एक छान सिद्धांत तयार केला होता, की ज्याला चेहरा मिळतो त्याची बाजू आपण घेतो. आज तोच सांगणार होते. काल रात्री खात्रीसाठी 'पोटेमकिन' पुन्हा लावला, आणि डेकवरचा प्रसंग आला. गोळ्या घालायच्या खलाशांवर ताडपत्री टाकतात. त्यांचा चेहराच दिसत नाही. दिसतात ते समोर बंदुका रोखलेले. ते चुळबुळतात, एकमेकांकडे बघतात. खलाशांचा म्होरक्या वाकुलिंचुक ओरडतो, भावांनो, कुणावर गोळ्या झाडताय? बंदुका खाली येतात. मी बाजू घेतली होती ती ताडपत्रीखालच्यांची, आणि रात्रभर बघत होते मात्र त्या बंदूकवाल्यांकडे. प्रश्न असतील तर विचारा. माझ्याकडे तर आहेतच.