एक्स-रेवर डाग, थुंकीत टीबी नाही. मग आजार कोणता?

राम राम मंडळी! महिनोन्‌महिने खोकला, जिना चढताना धाप, एक्स-रेवर डाग. थुंकीत टीबीचे जंतू मात्र सापडत नाहीत. तरी ‘टीबीच असंल’ म्हणून गोळ्या चालू. थांबा. आधी एक विचारा, या माणसाच्या नाकात रोज काय जातं?

जिनिंगमधला, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यातला, कामगार असेल तर त्रासाचा वार विचारा. सुट्टीनंतर पहिल्या दिवशी छाती आवळते आणि पुढे सैल पडते? मग बिसिनोसिसचा, म्हणजे कापसाच्या धुळीने होणाऱ्या आजाराचा, संशय घ्यायचा. या धुळीतलं जिवाणूंचं विष श्वासनलिका आवळतं. गंमत अशी, की यात एक्स-रे बहुतेक वेळा साफ येतो! म्हणून फुंकायची तपासणी, म्हणजे स्पायरोमेट्री, शिफ्टच्या आधी आणि नंतर अशी दोनदा करायची.

क्रशरवर किंवा दगडखाणीत काम केलेल्यांचे जुने धंदेही विचारा. सिलिकोसिस, म्हणजे दगडाच्या धुळीने होणारा फुफ्फुसाचा आजार, बहुधा दहा-वीस वर्षांनी उगवतो, तोवर काम सुटलेलं असतं. त्यात टीबीही लवकर जडतो, त्यामुळे दोन्ही शोधावे लागतात.

आता आपला लाडका कूलर. भारतातल्या 27 केंद्रांमधल्या 1084 रुग्णांचा अभ्यास 2017 मध्ये आला. सगळ्यांना फुफ्फुसाच्या जाळीचे आजार. त्यात 47 टक्के रुग्णांना हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस (श्वासातून गेलेल्या बुरशीसारख्या गोष्टींच्या अ‍ॅलर्जीने फुफ्फुसाला येणारी सूज), आणि त्यातल्या जवळपास निम्म्यांचा संबंध कूलरशी! कूलरच्या ओल्या गवतात बुरशी वाढते, पंखा ती थेट उशाशी आणतो. जळगाव-भुसावळच्या मे महिन्यात कूलर बंद करा असं मी सांगणार नाही, मला घरात राहायचंय. पण गवत दरवर्षी बदला, टाकीतलं पाणी साचू देऊ नका. कबुतरं आणि बुरसलेला कडबाही याच यादीत.

हा आजार पकडायला एचआरसीटी, म्हणजे फुफ्फुसाचा बारकाईने काढलेला सीटी स्कॅन, लागतो. त्यात श्वास सोडूनही फोटो काढायला सांगा, अडकलेली हवा तेव्हाच नीट दिसते.

छातीत दोन्हीकडे गाठी असतील तर सार्कॉइडोसिसही असू शकतो, म्हणजे टीबीसारखाच दिसणारा पण जंतूंशिवायचा गाठींचा आजार. दुर्बिणीतून सुईने गाठीचा नमुना घेतात. टीबीची गाठ आतून कुजलेली असते, सार्कॉइडची सहसा नसते. हा फरक कळायलाच हवा, कारण सार्कॉइडला चालणारं स्टेरॉइड टीबीला एकटं दिलं तर आजार भडकतो.

पुढच्या भागात स्पायरोमेट्रीत फुंकायचं कसं ते करून दाखवतो. अर्धं फुंकून रिपोर्ट बिघडवणारे लई आहेत.