संख्यात्मक संशोधनाचा लिटरेचर रिव्ह्यू: कोष्टकापासून परिकल्पनेपर्यंत

नमस्कार. स्क्रीनवर एक परिच्छेद आहे, तो आधी वाचून घेऊ.

[स्क्रीनवर: "‘अ’ (२०१४) यांनी विद्यार्थ्यांच्या मोबाइल वापराचा अभ्यास केला. त्यांना झोपेशी संबंध आढळला. ‘ब’ (२०१७) यांनीही याच विषयाचा अभ्यास केला. त्यांना संबंध आढळला नाही. ‘क’ (२०१९) यांच्या मते अधिक संशोधनाची गरज आहे."]

हा परिच्छेद बनवलेला आहे, म्हणून नावांच्या जागी अ, ब, क. पण प्रबंधाचं दुसरं प्रकरण, म्हणजे आधीच्या संशोधनाचा आढावा, उघडा, असे परिच्छेद पानोपानी सापडतील. यात किती विद्यार्थी होते? वापर कशाने मोजला? संबंध किती होता? काहीच कळत नाही. आणि ‘अधिक संशोधनाची गरज आहे’ हे वाक्य तर कुठल्याही पेपरच्या शेवटी असतंच, ते उचलून आणण्यात काही अर्थ नाही.

संख्यात्मक संशोधनात दुसऱ्या प्रकरणाच्या जोरावर तिसरं, म्हणजे संशोधनपद्धतीचं, प्रकरण उभं राहतं. कोणते चल (मोजता येणाऱ्या, बदलत्या गोष्टी) घ्यायचे, परिकल्पनेची (तपासायच्या अंदाजाची) दिशा कोणती, मोजायला कोणतं साधन, कोणते चल नियंत्रित करायचे, म्हणजे कोणत्या चलांचा प्रभाव वगळायचा, आणि नमुना केवढा, हे पाच निर्णय आढाव्यातून निघायला हवेत. एखादा पेपर या पाचांपैकी एकाही कामाचा नसेल, तर तो कितीही गाजलेला असो, बाजूला ठेवा.

आपण एकच उदाहरण शेवटपर्यंत धरू. स्वाश्रयी चल, म्हणजे ज्याचा परिणाम पाहायचा तो: रात्री अंथरुणात होणारा मोबाइलचा वापर. आश्रयी चल, म्हणजे ज्याच्यावर परिणाम होतो तो: झोपेची गुणवत्ता.

शोधाबद्दल थोडक्यात. प्रत्येक चलाचे समानार्थी शब्द काढा, ते ‘ऑर’ने जोडून एका कंसात घाला, आणि दोन कंसांच्या मध्ये ‘अँड’ लिहा. स्कोपस, वेब ऑफ सायन्स, पबमेड या संशोधनलेखांच्या डेटाबेसमध्ये ही पद्धत चोख चालते. शब्दाच्या शेवटी तारांकन टाकून त्याची सगळी रूपं शोधायची सोयही तिथे आहे, गूगल स्कॉलरवर नाही. शिवाय गूगल स्कॉलर लाखभर निकाल आहेत असं सांगतं, पण उघडून देतं फार तर पहिले १०००. म्हणून मुख्य शोध डेटाबेसमध्ये करा. स्कॉलरचा उपयोग एका पेपरवरून पुढे जाण्यासाठी, म्हणजे त्याचा संदर्भ नंतर कोणी घेतला ते पाहण्यासाठी. मागे जायला त्या पेपरची संदर्भसूची आहेच.

तारीख, डेटाबेस, शोधवाक्य आणि निकालांची संख्या एका वहीत टिपत जा. प्रिझ्मा २०२० या मार्गदर्शिकेची २७ मुद्द्यांची यादी पद्धतशीर आढाव्यासाठी आहे, प्रबंधातल्या प्रकरणाला ती सगळी लागत नाही. पण व्हायवात, म्हणजे तोंडी परीक्षेत, ‘हेच पेपर का निवडले?’ असं विचारलं, की ही वही कामाला येते. थांबायचं कधी? नव्या पेपरच्या संदर्भसूचीतली बहुतेक नावं तुमच्याकडे आधीच असतील तेव्हा.

आता खरं काम. कोष्टक.

[स्क्रीनवर: रिकामं कोष्टक. रकाने: अभ्यास | सहभागी कोण | नमुना | आराखडा | पहिला चल कशाने मोजला | दुसरा चल कशाने मोजला, विश्वसनीयता | आकडा आणि विश्वास-अंतराल | नियंत्रित चल]

विश्वास-अंतराल म्हणजे खरा आकडा ज्या पट्ट्यात असण्याची शक्यता आहे तो पट्टा. इथे एक ओळ म्हणजे एक निष्कर्ष. एका पेपरात तीन सहसंबंध (दोन चल किती एकत्र बदलतात ते सांगणारे, उणे १ ते १ मधले आकडे) दिले असतील तर तीन ओळी करा. आकडे सारांशातून घेऊ नका. सारांशात लेखक आपला सगळ्यात देखणा आकडा ठेवतो. पेपरातलं निकालाचं कोष्टक उघडा. आणि साधा सहसंबंध गुणांक आणि रिग्रेशनमधला, म्हणजे अनेक चल एकत्र घेणाऱ्या मॉडेलमधला, बीटा एकाच रकान्यात बसवू नका. बीटा हा मॉडेलमधल्या बाकीच्या चलांचा वाटा वगळून आलेला असतो. दोन्ही शेजारी मांडून ‘याचा संबंध जास्त, त्याचा कमी’ म्हटलं की तुलनाच फसली.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो मापनाच्या रकान्यात. झोपेच्या गुणवत्तेसाठी पीएसक्यूआय नावाची प्रश्नावली खूप वापरली जाते. १९८९ ची आहे, सहभागीने स्वतः उत्तरं द्यायचे १९ प्रश्न, सात घटक, गुण ० ते २१. पाचाच्या वर गुण गेले तर झोप खराब. म्हणजे इथे जास्त गुण म्हणजे वाईट झोप! आता एका अभ्यासाने पीएसक्यूआय वापरली, त्यांचा सहसंबंध आला अधिक ०.२५. दुसऱ्याने अशी मोजपट्टी वापरली जिच्यात जास्त गुण म्हणजे चांगली झोप, त्यांचा आला उणे ०.२५. दोघांचं म्हणणं एकच आहे. घाईत लिहिणारा मात्र ‘संशोधकांमध्ये मतभेद आहेत’ असं लिहून मोकळा होतो. म्हणून मोजपट्टीची दिशा कोष्टकातच बाणाने दाखवा, वर किंवा खाली.

दुसऱ्या चलाचंही तसंच. मोबाइलचे तास सहभागीने अंदाजाने सांगितले, की फोनमधल्या नोंदीवरून घेतले? २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मेटा-अॅनॅलिसिसमध्ये, म्हणजे अनेक अभ्यासांचे आकडे एकत्र करणाऱ्या अभ्यासात, लोकांनी सांगितलेला वापर आणि उपकरणाने नोंदलेला वापर यांचा सहसंबंध फक्त ०.३८ च्या आसपास निघाला. दोन्ही प्रकारचे अभ्यास एकाच परिच्छेदात न सांगता मिसळणं म्हणजे दोन वेगळे चल एका नावाने खपवणं.

आता सुरुवातीच्या परिच्छेदातला तो ‘संबंध आढळला’ आणि ‘संबंध आढळला नाही’. समजा, कोष्टक भरल्यावर असं दिसलं.

[स्क्रीनवर: ‘अ’: नमुना २००, सहसंबंध ०.२५, विश्वास-अंतराल ०.१२ ते ०.३८. ‘ब’: नमुना ४०, सहसंबंध ०.२८, विश्वास-अंतराल उणे ०.०३ ते ०.५४.]

नीट बघा. ज्याला ‘संबंध आढळला नाही’ त्याचा सहसंबंध जास्त आहे! फक्त नमुना ४० चा, म्हणून पी, म्हणजे प्रत्यक्षात संबंध नसतानाही इतका मोठा सहसंबंध दिसण्याची शक्यता, ०.०८ आला आणि सार्थकतेची ०.०५ ची रेषा हुकली. अंतराल एकमेकांत जवळजवळ पूर्ण मिसळतात. हा विरोध नाही, हा लहान नमुन्याचा परिणाम आहे. ‘पाच सार्थक, तीन असार्थक’ अशी मतमोजणी आढाव्यात करू नका. सार्थकता नमुन्याच्या आकारावर हलते. तुलना करायची ती परिणामाच्या आकाराची, म्हणजे संबंध किती मोठा आहे त्याची.

हे सगळं हाताशी आलं की परिच्छेद वेगळाच लिहिला जातो. पहिलं वाक्य दाव्याचं, लेखकाच्या नावाचं नाही.

[स्क्रीनवर: "रात्रीचा मोबाइल वापर आणि खराब झोप यांचा संबंध एकाच दिशेने, पण मर्यादित ताकदीचा दिसतो. ‘अ’ (२०१४) यांना २०० विद्यार्थ्यांमध्ये तो ०.२५, तर ‘ब’ (२०१७) यांना ४० विद्यार्थ्यांमध्ये ०.२८ आढळला, दुसरा सार्थक ठरला नाही, मात्र त्याचा विश्वास-अंतराल रुंद आहे. दोन्ही अभ्यासांत वापराचे तास सहभागींनी स्वतः सांगितलेले होते आणि चिंतेची पातळी नियंत्रित केलेली नव्हती."]

शेवटच्या वाक्याकडे लक्ष द्या. संशोधनातली दरी, म्हणजे आधीच्यांकडून तपासायची राहिलेली गोष्ट, तिथे आपोआप दिसते. ‘या गावात, या महाविद्यालयात असा अभ्यास झालेला नाही’ ही दरी बऱ्याचदा तकलादू असते. तिथे निकाल वेगळा का यावा याचं कारण सांगता आलं तरच ती घ्या. मापनातली उणीव किंवा सुटलेला चल ही दरी भक्कम. मग परिकल्पना अशी लिहिता येते: चिंतेची पातळी नियंत्रित केल्यावरही, फोनमध्ये नोंदलेला रात्रीचा वापर जितका जास्त, तितके पीएसक्यूआयचे गुण जास्त. यातल्या प्रत्येक शब्दामागे आढाव्यात एक परिच्छेद असला पाहिजे. हा मोबाइल झोपेच्या आड नेमका कसा येतो, वेळ खाऊन की मन जागं ठेवून, हे सांगणारा सिद्धांतही त्यात आला. आणि परिकल्पना डेटा गोळा करण्याआधी ठरते. निकाल पाहून ती बदलायची आणि आढावा मागून तिला जुळवून घ्यायचा, या प्रकाराला १९९८ पासून ‘हार्किंग’ असं नावच आहे.

राहिला नमुना. ‘१०० घेतले, कारण गाईड म्हणाले’ हे उत्तर चालत नाही. सहसंबंध ०.२५ धरला, सार्थकता पातळी ०.०५, दोन्ही बाजूंची चाचणी आणि पॉवर, म्हणजे खरा संबंध असेल तर तो पकडण्याची शक्यता, ०.८० ठेवली, तर जी-पॉवर हे मोफत सॉफ्टवेअर १२५ च्या आसपास सहभागी मागतं. तोच ०.१५ धरला तर सुमारे ३५०. फरक बघा केवढा! मग धरायचा कोणता? खालच्या बाजूचा. छापून आलेले आकडे फुगलेले असण्याची शक्यता असते, कारण असार्थक निकाल खणातच पडून राहतात. १९७९ पासून याला ‘फाइल ड्रॉवर’ म्हणतात. २०१५ मध्ये मानसशास्त्रातल्या १०० अभ्यासांची पुनरावृत्ती प्रसिद्ध झाली, तेव्हा परिणामाचा सरासरी आकार मूळच्या निम्म्यावर आला होता. म्हणून अप्रकाशित प्रबंधही शोधात घ्या.

प्रकरण गाईडकडे द्यायच्या आदल्या दिवशी एक काम. सगळे संदर्भ झोटेरो या संदर्भ सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये टाका. मागे घेतलेला पेपर असेल तर ते लाल पट्टी दाखवतं. आणि एआयने सुचवलेला प्रत्येक संदर्भ त्याच्या डीओआयवरून, म्हणजे पेपरच्या कायमच्या ओळख-क्रमांकावरून, उघडून बघा. नाव, वर्ष, नियतकालिक सगळं खरं वाटतं, आणि क्लिक केलं की पेपरच अस्तित्वात नसतो, असं सर्रास होतं. डीओआय उघडला तरी तिथे थांबू नका. निकालाच्या कोष्टकापर्यंत जा आणि तुम्ही लिहिलेला आकडा तिथे आहे का ते पाहा.