भांडण कोणत्या भाषेत करायचं?

नमस्कार मंडळी. वडे गार व्हायच्या आत आटपतो, असं कमिटीला कबूल केलंय. आपल्याकडे वक्ता असं म्हणाला की जाणकार मंडळी खुर्चीत नीट रेलून बसतात.

परवा आमच्या घरी वाजलं. लेकीला म्हटलं, घरात मराठीत बोल. ती आठवीत आहे, शाळेत आपल्या या नेब्रास्का राज्याचा इतिहास चाललाय. म्हणाली, "बाबा, इथे आलेल्या त्या लोकांच्या भाषेवर कायद्याने बंदी होती. तुम्हाला कोणी केलीय? तू आणि आई तर भांडतासुद्धा इंग्रजीत!" आतून बायको हसली. मराठीत.

तेव्हापासून डोक्यात तेच. 1862 च्या होमस्टेड कायद्याने 160 एकर मिळायचे, पाच वर्षं राहून जमीन कसायची. स्वीडिश आले, चेक आले, रशियातून जर्मन आले, गुलामगिरीतून सुटलेली काळी कुटुंबं आली. माळावर लाकूड नाही. मग गवताची जमीन मुळांसकट नांगरून काढायची आणि त्या ढेपा रचून भिंती उभ्या करायच्या. छतातली माती, कधी सापही, ताटात पडू नये म्हणून वर कापड ताणायचं. पाऊस थांबला तरी घर गळतच राहायचं. सरपण म्हणजे वाळलेलं शेण. गोवऱ्या थापायचे कष्ट तेवढे माळावरच्या बायसननी, म्हणजे इथल्या रानगव्यांनी, वाचवलेले. आणि आपण? बेसमेंटमध्ये चार बोटं पाणी आलं की व्हॉट्सॲपवर आकांत.

त्या घरांत चुलीपाशी ज्याची त्याची भाषा होती. पहिल्या महायुद्धानंतर, 1919 साली, नेब्रास्काने आठवी पास न झालेल्या मुलांना शाळेत परकी भाषा शिकवायला बंदी केली. रॉबर्ट मेयर या शिक्षकाने दहा वर्षांच्या मुलाला जर्मन वाचायला शिकवलं, म्हणून पंचवीस डॉलर दंड झाला. गडी सुप्रीम कोर्टापर्यंत गेला आणि 1923 मध्ये जिंकला. बंदी शाळेवर होती, घरावर नव्हती, हे मी लेकीला ऐकवलंही. ती म्हणाली, "मग तर तुमचं आणखीच अवघड आहे."

पॉनी या इथल्या मूळ आदिवासी लोकांसाठी असा निकाल कधी लागला नाही. त्यांची गोल मातीची घरं याच माळावर होती. 1870 च्या दशकात त्यांना ओक्लाहोमाकडे हलवलं. नेब्रास्कातल्याच जिनोआ गावी त्यांच्याच जुन्या जमिनीवर 1884 मध्ये सरकारी निवासी शाळा निघाली, आणि तिथे आणलेल्या आदिवासी मुलांना आईची भाषा बोलायची मनाई.

आणि आपण! रविवारची मराठी शाळा बुडवून फुटबॉलला जातो, गाडी चालू ठेवून मुलांना दारात सोडतो, गणपतीत मात्र 'मराठी टिकली पाहिजे' म्हणून टाळ्या घेतो. तिथे मीही पुढच्या रांगेत.

आपल्याच राज्यातल्या विल्बर गावात दर उन्हाळ्यात चेक महोत्सव भरतो. कोलाचे, म्हणजे सारण भरलेले गोड पाव, मिळतात, पोशाख असतात, नाच असतो. जेवताना चेक बोलणारी घरं मात्र शोधावी लागतात. पुरणपोळीची मला काळजी नाही, ती फ्रीझरमध्ये कायम मिळेल. माझ्या नातवंडांना ओरडायचं कोणत्या भाषेत, ते मला कळलेलं नाही. तुम्हाला कळलं असेल तर जेवताना सांगा.