आठ किलो हवा : कॉम्प्रेसर चालवताना

[दृश्य : टाकीच्या पोटाखालचा ड्रेन कॉक, अगदी जवळून. एक हात तो हळूच उघडतो.]

कॉक अर्धा आटा फिरवला की आधी फुसकारा येतो, आणि त्याच्या मागोमाग विटकरी रंगाचं पाणी. हे पाणी टाकीत कुणी ओतलेलं नाही. कॉम्प्रेसर जी हवा ओढतो, तिच्यातलीच वाफ टाकीत थंड होऊन तळाशी बसते. तापमान ३० अंश आणि आर्द्रता ७० टक्के असेल, तर एक घनमीटर हवेत सुमारे २१ ग्रॅम वाफ असते. तीच हवा ८ बारपर्यंत (बार हे दाबाचं माप) दाबून पुन्हा ३० अंशांवर आली, की तिच्यात जेमतेम साडेतीन ग्रॅम मावते. बाकीचं पाणी होतं. तासाला १० घनमीटर हवा ओढणारं यंत्र अशा दमट दिवशी पाच तास भरत राहिलं, तर पाऊण लिटरच्या वर पाणी सुटतं. थोडं नळीतून अवजारापर्यंत जातं, बरंचसं टाकीतच राहतं.

रंग मात्र टाकीचा. पत्रा आतून गंजतोय. बाहेरचा निळा रंग कितीही चकचकीत असो, टाकी झिजते ती तळाकडून, जिथे पाणी साचतं आणि जिथे कुणाची नजर जात नाही.

[दृश्य : टाकीवर रिव्हेट केलेली पाटी. बोट 'कमाल दाब' या ओळीवर थांबतं.]

कारखान्यात सगळे म्हणतात, 'आठ किलो हवा आहे.' म्हणजे एका चौरस सेंटिमीटरवर आठ किलोचा रेटा. गेजवर तो ८ बार किंवा ११६ पीएसआयच्या आसपास दिसतो. आकडा लहान वाटतो, कारण आपण चौरस सेंटिमीटर मोजत बसत नाही. टाकीच्या दोन्ही टोकांना जी फुगीर झाकणं वेल्ड केलेली असतात, त्यांचा व्यास ३५ सेंटिमीटर धरा. एकेका झाकणावर साडेसात टनांहून जास्त जोर टाकी भरलेली असेपर्यंत आतून ढकलत असतो. १०० लिटरच्या भरलेल्या टाकीत साधारण एक लाख ज्यूल ऊर्जा कोंडलेली असते. एक टन वजन दहा मीटर उंच उचलायला लागेल, तेवढी.

म्हणूनच टाकीची चाचणी हवेने नाही, पाण्याने करतात. पाणी दाबलं तरी जवळजवळ आकसत नाही. पत्रा फाटला तर थोडं पाणी बाहेर येतं आणि दाब तिथेच संपतो. हवा तशी संपत नाही, ती पसरत जाते आणि पत्र्याचे तुकडे सोबत नेते. तेव्हा 'दोन किलो जास्त भरून बघू, टिकते का' ही चाचणी नव्हे.

टाकीला सुईच्या टोकाएवढं भोक पडलं, तर वेल्डिंगवाल्याला हाक मारू नका. भोक पडलंय तिथला आजूबाजूचा पत्राही तितकाच पातळ झालेला असतो, आणि वेल्डच्या उष्णतेने तो आणखी कमकुवत होतो. ती टाकी मोडीतच जाते. देताना हवा पूर्ण सोडून तिला एक मोठं भोक पाडावं, म्हणजे पुढे कुणी ती रंगवून विकणार नाही.

[दृश्य : यंत्र बंद. ऑइलच्या काचेवर टॉर्चचा प्रकाश.]

सुरू करण्याआधी पहिली नजर ऑइलवर. काचेतल्या लाल ठिपक्याच्या मधोमध पातळी हवी. ऑइल दुधाळ दिसलं तर त्यात पाणी मिसळलंय, ते बदलायचं. आणि ऑइल कॉम्प्रेसरचंच घालायचं. बनवणाऱ्याने वेगळं सांगितलं नसेल, तर गाडीच्या इंजिनाचं ऑइल इथे चालत नाही. सिंगल स्टेज, म्हणजे एकाच टप्प्यात हवा दाबणाऱ्या यंत्राच्या हेडमधून (सिलिंडरच्या वरच्या भागातून) निघणारी हवा दीडशे अंशांच्या पुढे सहज जाते. तिथे चुकीचं ऑइल जळतं, व्हॉल्व्हच्या पट्ट्यांवर काजळी धरतं, व्हॉल्व्ह नीट बसत नाही, हेड आणखी तापतं. तापलेली काजळी आणि दाबलेली हवा एकत्र आली की टाकीकडे जाणाऱ्या डिलिव्हरी पाइपच्या आत आग लागू शकते.

बेल्टवर जाळी हवीच. बेल्ट दोन पुल्यांच्या मधोमध अंगठ्याने दाबला की १० ते १२ मिलिमीटर दबावा. हे बघताना मेन स्विच बंद, कारण हे यंत्र तुम्हाला विचारून सुरू होत नाही. दाब ६ बारवर उतरला की प्रेशर स्विच मोटर आपोआप चालू करतो. 'आत्ता तर बंद होतं' असं म्हणेपर्यंत बोटं पुलीत गेलेली असतात.

वायर लांब घेण्यापेक्षा हवेची नळी लांब घ्यावी. बारीक, लांबलचक एक्स्टेन्शनवर व्होल्टेज पडतं, मोटर नुसती गुरगुरते आणि तापते. थ्री फेज जोडणी नव्याने केली असेल, तर फिरण्याची दिशा बाणाशी जुळवून घ्या. उलटी फिरली तर चाकाचे पंखे हेडवर वारा टाकत नाहीत.

हवा ओढायची जागाही बघायची. रंगाचा फवारा, पेट्रोलची वाफ किंवा इंजिनाचा धूर जिथे आहे, तिथे फिल्टरचं तोंड नको. आणि या हवेत ऑइलचा अंश असतो, ती श्वासाच्या मास्कला जोडायची नाही.

[दृश्य : काटा चढतोय. ८ वर मोटर थांबते. आवाज : 'फुस्स'.]

हा आवाज नीट ऐका. मोटर थांबताच प्रेशर स्विचजवळून एक छोटा फुसकारा येतो आणि दोन-तीन सेकंदांत संपतो. हेडपासून टाकीपर्यंतच्या पाइपात अडकलेली हवा अनलोडर सोडून देतो, म्हणजे पुढच्या वेळी मोटर रिकाम्या पिस्टनवर सुरू होते. फुसकारा आलाच नाही, तर पुढच्या वेळी मोटर हुंकारेल आणि ओव्हरलोड ट्रिप होईल. फुसकारा थांबतच नसेल, तर दोष बहुतेक वेळा स्विचमध्ये नसतो. टाकीच्या तोंडावरचा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, म्हणजे हवा एकाच दिशेने जाऊ देणारा व्हॉल्व्ह, धरत नाही, टाकीतली हवा मागे येते आहे. त्याच्या सीटवर काजळीचा एखादा कण बसलेला असतो. खोलण्याआधी टाकी पूर्ण रिकामी करायची.

प्रेशर स्विच चिकटला आणि मोटर थांबलीच नाही, तर मग एकच वस्तू उरते : सेफ्टी व्हॉल्व्ह. पितळेचा, कडी असलेला, मुठीत मावेल एवढा. तो कटआउटपेक्षा, म्हणजे मोटर आपोआप थांबते त्या दाबापेक्षा, थोड्या वरच्या दाबाला उडतो, पण पाटीवरच्या कमाल दाबाच्या वर कधीच नाही. महिन्यातून एकदा, गॉगल घालून, तोंड बाजूला ठेवून कडी ओढा. हवा जोरात सुटली पाहिजे आणि कडी सोडताच बंद झाली पाहिजे. गळतोय म्हणून त्या जागी प्लग ठोकणं, किंवा त्याच्या आणि टाकीच्या मध्ये कॉक बसवणं, याला दुरुस्ती म्हणत नाहीत. नवा घ्यायचा, त्याच दाबाचा.

लाइनसाठी पीव्हीसी पाइप स्वस्त आणि हाताळायला सोपा म्हणून वापरला जातो. पाण्याला तो उत्तम. हवेच्या दाबाखाली तो फुटतो तेव्हा चिरत नाही, त्याच्या काचेसारख्या कपच्या उडतात. लोखंड, तांबं, ॲल्युमिनियम, यातलंच काहीतरी घ्यावं.

[दृश्य : एअर गनचं टोक. समोर लोखंडाचा कीस पडलेलं टेबल.]

साफसफाईला रेग्युलेटर (नळीतला दाब कमी-जास्त करणारी चावी) २ बारपर्यंत उतरवा. धूळ तेवढ्यात उडते. आठ किलोने मारलं तर कीस जास्त स्वच्छ उडत नाही, तो फक्त जास्त लांब आणि डोळ्याच्या दिशेने उडतो.

अंगावरचे कपडे हवेने झटकायची सवय जवळजवळ प्रत्येक शॉपमध्ये आहे, आणि ती सोडायला हवी. त्वचेला साधी चीर असेल तर हवा तिच्यातून आत शिरते, कानाचा पडदा फाटतो. आणि मस्करीत एखाद्याच्या मागच्या बाजूला नळी धरणं, कपड्यांवरून का असेना, यात आतडं क्षणात फाटतं. माणसं यात गेली आहेत. नळी धरणाऱ्याला नुसता 'फुस्स' ऐकू आलेला असतो.

नळी काढताना आधी लाइनचा कॉक बंद, मग गन दाबून नळीतली हवा संपवायची, मगच कपलर (नळीचा जोड) खेचायचा. भरलेली नळी सुटली तर तिचं पितळी टोक फटके मारत फिरतं. कॉक बंद केल्याखेरीज ती पकडायला धावू नये.

[दृश्य : संध्याकाळ. मेन स्विच खाली.]

बंद करतानाही मोटर प्रेशर स्विचच्या कळीने थांबवायची, म्हणजे अनलोडरला पाइप रिकामा करता येतो. मेन त्यानंतर. टाकीत दीड-दोन किलो हवा उरेपर्यंत ती सोडा, मग ड्रेन कॉक सावकाश उघडा. उरलेली हवाच पाणी ढकलून बाहेर काढते. हवा आधीच शून्यावर नेली, तर तळाचा गाळ तसाच राहतो. खाली पत्र्याचं भांडं ठेवा, या पाण्यात ऑइल असतं, ते गटारात सोडायचं नाही.

कॉक रात्रभर उघडा ठेवला तर उत्तम. सकाळी मोटर पंधरा मिनिटं चालूनही काटा हलत नसेल, तर आधी तोच बघा.