शोलाकिळी: खिंडीच्या दोन बाजूंना

इंदूरहून केरळला जाणारी अहिल्यानगरी एक्सप्रेस कोईमतूर सोडते आणि पालघाटच्या खिंडीत शिरते. उजवीकडे निलगिरी, डावीकडे अनामलाई. आपली गाडी खिंडीच्या लांबीने धावते. शोलाकिळी या पक्ष्याला मात्र ती रुंदीने ओलांडावी लागेल: सुमारे 30 किलोमीटर सखल, उघडा, तापलेला मुलूख.

हा 15 सेंटिमीटरचा पक्षी वरच्या थंड, ओल्या जंगलातच जगतो. म्हणून खिंडीच्या दोन्ही बाजूंचे पक्षी लाखो वर्षं एकमेकांपासून तुटले. उत्तरेकडच्याच्या कुशी तांबूस. दक्षिणेकडच्याच्या करड्या-निळ्या, डोळ्यावर आखूड पांढुरकी भुवई. महूच्या खडकांवर शेपटी उभारणारा चिरक याच कुळातला, पण स्वभाव अगदी उलटा. 2017 साली या पक्ष्यांना ‘शोलिकोला’ ही स्वतंत्र प्रजाती (जीनस) मिळाली. शोला म्हणजे गवताळ डोंगरांच्या घळींत वाढलेलं खुजं, शेवाळलेलं, धुक्यातलं रान. किळी म्हणजे मल्याळममध्ये पाखरू.

इंदूरजवळच्या चोरलच्या जंगलात पावसाळ्यात नवरंग पक्षी शोधणाऱ्यांना याला शोधायची रीत लवकर जमेल. आधी कान, मग डोळे. उजाडण्यापूर्वी शोलात पोचा. पायवाट ओढ्याला छेदते तिथे, 10-15 मीटर दूर, झाडाला पाठ लावून बसा. पायमोज्यांत विजार खोचा, जळवा फार. मग निदान 40 मिनिटं हलू नका. बहुतेकांची चूक इथेच होते: शीळ ऐकू आली की ते तिकडे चालू लागतात, आणि पक्षी झुडपाच्या बुडाशी गप्प होतो.

कॅमेऱ्याचा फ्लॅश नको. आयएसओ 3200, शटर 1/125, कॅमेरा वाळूच्या पिशवीवर टेकवलेला, एवढ्यावर भागतं. मोबाइलवर त्याची शीळ वाजवू नका, अगदी एकदाही नाही. एप्रिल ते जून हा विणीचा मुख्य काळ. घरटं झाडाच्या ढोलीत, अंडी साधारण दोनच. वाजवलेली शीळ ऐकली की आपल्या हद्दीत परका शिरला असं समजून तो चारा शोधणं सोडून भांडायला येतो.

चहामळे, निलगिरीची (युकॅलिप्टसची) झाडं आणि वॅटल ही परदेशी बाभूळ यांच्या लागवडीने त्याचं रान आधीच तुकड्या-तुकड्यांचं झालंय, हे फार वाईट आहे.

आता पाचोळ्याकडे बघा. दोन उड्या. थांबला. मान तिरकी. चोचीने एक पान बाजूला भिरकावलं, खालचा किडा उचलला. लांब, बारीक पाय क्षणभर उजेडात.

पुन्हा अंधार.