सीएम गेलं, लिनिएज आलं

(दृश्य : सोलापूरच्या पूर्व भागातली अरुंद गल्ली. तळमजल्यावर यंत्रमागांची खटखट. कॅमेरा लोखंडी जिन्यानं वर जातो.)

सीएम म्हटलं की लोकांना मुख्यमंत्री आठवतात. 2015-16 च्या सुमारास सोलापुरातल्या इंजिनिअरिंगच्या पोरांना आधी आठवायचं ते सायनोजेनमॉड. अँड्रॉइडचा खुला कोड घेऊन जगभरच्या हौशी लोकांनी मिळून घडवलेली, फुकट मिळणारी ऑपरेटिंग सिस्टिम. कंपनीनं अपडेट देणं बंद केलेल्या फोनमध्येही ती नवा अँड्रॉइड आणून बसवायची.

ही खोली तेव्हा आमची होती. चार पोरं, एक लॅपटॉप, शेंगाचटणीची बरणी आणि युरेका फोन. बूटलोडर, म्हणजे फोन सुरू करणाऱ्या प्रोग्रॅमचं कुलूप, उघडायचा, नवी सिस्टिम बसवायचं हत्यार म्हणजे रिकव्हरी टाकायची, सगळं पुसायचं, मग सिस्टिमची झिप फाइल फ्लॅश करायची, म्हणजे फोनमध्ये उतरवायची. जमलं तर पडद्यावर निळं चिन्ह फिरायला लागायचं. ते फिरतच राहिलं तर बूटलूप. त्याहून वाईट झालं तर फोनचा डब्बा, आणि घरी काय सांगायचं याची तालीम.

(दृश्य : जुना फोन हातात. मागे यंत्रमागाचा आवाज चालूच.)

सायनोजेनमॉड 2009 मध्ये स्टीव्ह कोंडिक या प्रोग्रॅमरनं सुरू केलं. सायनोजेन हे त्याचंच इंटरनेटवरचं टोपणनाव. 2013 मध्ये त्या नावाची कंपनी निघाली आणि नाव बाजारात उतरलं. 2014 चा वनप्लस वन सायनोजेन घेऊनच आला. भारतात मायक्रोमॅक्सच्या यू या ब्रँडनं युरेका काढला, 8,999 रुपयांना. सायनोजेन भारतात कोणी वापरायचं, यावरून मायक्रोमॅक्सनं डिसेंबर 2014 मध्ये वनप्लसला दिल्ली उच्च न्यायालयात खेचलं. हौशी पोरांनी वाढवलेल्या नावावर कंपन्या कोर्टात भांडतायत, याची आम्हाला तेव्हा गंमत वाटली होती. खरं तर तेव्हाच सावध व्हायला हवं होतं.

डिसेंबर 2016. नोटाबंदीचे दिवस. एटीएमपुढे रांगा, खिशात पैसे नाहीत, पण जिओचं नेट फुकट. अशात बातमी आली की सायनोजेन कंपनी 31 डिसेंबरपर्यंत सगळ्या सेवा बंद करणार. कोंडिक त्याआधीच कंपनीतून बाहेर पडला होता. 25 तारखेला सायनोजेनमॉडचे सर्व्हर आडवे झाले. तोच कोड पुढे नेणारा नवा प्रकल्प जाहीर झाला होता, त्याचं नाव लिनिएजओएस.

कोड खुला होता. तो कुणीही उचलून पुढे नेऊ शकत होतं. नाव मात्र कंपनीचं. उद्या तिनं ते दुसऱ्या कुणाला विकलं असतं, तर सायनोजेनमॉड म्हणून काम करणाऱ्यांच्या दारात वकिलाची नोटीस आली असती.

(दृश्य : चादरींचं दुकान. घड्या उलगडल्या जातायत.)

सोलापूरकराला हे समजायला फार वेळ लागत नाही. चादरीची नक्षी बघून कुणीही, कुठंही तशी चादर विणू शकतो. पण 'सोलापुरी चादर' या नावाला भौगोलिक मानांकन आहे. ते नाव कुणा एका मालकाच्या तिजोरीत नाही, इथं विणणाऱ्यांचं आहे. सायनोजेनमॉडचं नेमकं उलटं होतं. वीण सगळ्यांची आणि नाव एकाचं.

(दृश्य : पुन्हा खोली.)

त्या रात्री या खोलीत भांडण झालं. पहिली तक्रार उच्चाराची. लिनिएज, लायनेज, लाइनेज. मराठी, तेलुगू, कानडी आणि दखनी अशा चार घरच्या चार जिभा, प्रत्येकीचा वेगळा. एकाला ते मोबाइलवरच्या एखाद्या गेमचं नाव वाटलं. दुसऱ्यानं डिक्शनरी काढून अर्थ सांगितला, वंशावळ. आता फोनलाही खानदान लागणार का, म्हणून हशा. तिसरा गंभीर होता. त्याचं म्हणणं, नाव नवं म्हणजे माणसं नवी, माणसं नवी म्हणजे भरवसा पहिल्यापासून. आणि चौथा, जो आमच्यात खरोखर कोड वाचायचा, पालथा पडून म्हणाला, "नाव कायबी ठेव की बे, चालतंय का ते सांग."

मी तेव्हा तिसऱ्याच्या बाजूनं होतो. आज वाटतं, चौथा बरोबर होता, पण अर्धाच. नावाचं काही नसतं तर सीएम गेल्यावर आम्हाला घरचं कुणी गेल्यासारखं वाटलं नसतं.

(दृश्य : होम मैदान, सिद्धेश्वर यात्रेच्या गड्ड्याची गर्दी, पाळणे.)

जानेवारीत गड्डा भरला. त्याच महिन्यात लिनिएजच्या पहिल्या अधिकृत फाइली आल्या. सीएमवरून येणाऱ्यांसाठी वेगळी तात्पुरती आवृत्ती होती, म्हणजे फोन न पुसता उडी मारता यावी. त्या आवृत्तीत पडद्यावर मुद्दाम वॉटरमार्क उमटवला होता, कुणी तिथंच मुक्काम ठोकू नये म्हणून. अशी काळजी करणारी माणसं जुनीच असणार, हे तिसऱ्याला तिथं पटलं.

मग नव्या तक्रारी. सर्वांत मोठी रूटची, म्हणजे फोनच्या सिस्टिमवर पूर्ण ताबा देणाऱ्या परवानगीची. लिनिएजमध्ये रूट सोबत येत नव्हतं, त्याची झिप वेगळी टाकावी लागायची. नावावरून दोन दिवस भांडलेली पोरं यावरून महिनाभर कुरकुरली. पण एक गोष्ट आमच्यातल्या कुणीच आधी पाहिली नव्हती, ती फाइलच्या नावातला आकडा. पाटी नवी, पण मोजणी 1 पासून नव्हती. सायनोजेनमॉड 14.1 नंतर थेट लिनिएज 14.1.

(दृश्य : रिक्षातून विद्यापीठाकडे जाणारा रस्ता.)

गावातही असंच. 2004 मध्ये सुरू झालेलं सोलापूर विद्यापीठ 2019 मध्ये पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ झालं. पदवीवर पूर्ण नाव असतं. रिक्षात बसताना सगळे नुसतं "युनिव्हर्सिटी" म्हणतात.

(दृश्य : व्हॉट्सॲपचा पडदा.)

खोलीतले चौघं आता चार गावांत आहेत. 2024 च्या 31 डिसेंबरला लिनिएज 22.1 आलं, तेव्हा रात्री बाराच्या आधी ग्रुपवर स्क्रीनशॉट पडला. ग्रुपचं नाव अजून सीएमच आहे. ॲडमिनला विचारलं, बदलत का नाहीस? तो म्हणाला, "बदललो तर तुम्ही शोधत बसाल की बे."